सोलापूर ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती, आणि हा हिशोब घरच्या घरी कसा मांडायचा

मोबाइलला विचारलं, सोलापूरहून न्यूयॉर्क किती लांब, तर आकडा लगेच समोर येतो : साधारण १२,८०० किलोमीटर. वेळ विचारली तर पंधरा-सोळा तास. दोन्ही आकडे खोटे नाहीत. पण त्यांच्या भरवशावर कुणी प्रवास आखला तर मात्र गोत्यात येईल. १२,८०० किलोमीटर ही सोलापूर ते न्यूयॉर्क अशी थेट रेषा आहे आणि त्या रेषेवरून जाणारं एकही विमान नाही. पंधरा-सोळा तास हे मुंबईहून कुठेही न थांबता जाणाऱ्या विमानाचे. जुळे सोलापुरातल्या घराला कुलूप लावल्यापासून न्यू जर्सीत लेकीच्या घराची बेल वाजेपर्यंतचा वेळ याच्या दुप्पट धरावा लागतो.

आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं आता तिकडे आहेत, आणि त्यांचे आई-वडील आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतात ते थेट अमेरिकेला जायला. तिकीट मुलगा काढतो, वेळा इंग्रजीत येतात, आणि घरातली मोठी माणसं “तो सांगेल तसं” म्हणून बसतात. हा हिशोब त्यांना स्वतःला करता यावा, म्हणून पायरीपायरीने मांडतो. उदाहरण न्यूयॉर्कचं घेतलं आहे. टोरांटो, लंडन, सिडनी काहीही असलं तरी रीत हीच.

पहिली पायरी : अंतर मोजणं

भिंतीवरच्या नकाशावर मुंबईहून न्यूयॉर्कला पट्टी लावली तर रेषा अरबी समुद्र, आफ्रिकेचं उत्तर टोक आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. विमान असं जात नाही. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट आहे, आणि गोलावरचं सगळ्यांत कमी अंतर सपाट कागदावर वाकडं दिसतं. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा ताणा. तो आपोआप वर सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मग रशिया, फिनलंड-स्वीडन, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात, आणि तिथून खाली न्यूयॉर्क. सगळ्यांत उत्तरेकडचा बिंदू जवळजवळ ६५ अंश अक्षांशावर येतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला बृहत्‌वृत्त म्हणतात, त्याचाच हा तुकडा.

अकरावी-बारावीच्या मुलांनी हे गणित स्वतः करून बघावं, फार सोपं आहे. सोलापूर १७.६६ अंश उत्तर, ७५.९१ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. एक पूर्व, एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज करायची : १४९.६९. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, ०.१९७६ येतो. दोन्ही अक्षांशांची कोसाइन आणि १४९.६९ ची कोसाइन, या तिघांचा गुणाकार करा, उणे ०.६२४२ येतो. बेरीज उणे ०.४२६६. ज्या कोनाची कोसाइन एवढी आहे तो कोन ११५.२५ अंश. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. गुणाकार करा : १२,८१६ किलोमीटर. मोबाइलने सांगितलेला आकडा वहीत उतरला. शाळेतली त्रिकोणमिती कुठे कामाला येते, असं विचारणाऱ्या मुलाला हे एकदा करायला लावाच.

गणित नको असेल तर ‘ग्रेट सर्कल मॅपर’ नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे विमानतळांची तीन अक्षरी नावं टाकली की अंतर आणि नकाशा दोन्ही मिळतात. मुंबईचं नाव बीओएम, न्यूयॉर्क केनेडीचं जेएफके. गुगल अर्थमध्येही पट्टीचं साधन आहे.

दुसरी पायरी : कोणत्या विमानतळावरून?

या पायरीवर घाई करू नका. पुढचा सगळा त्रास किंवा आराम इथेच ठरतो.

मुंबई ते न्यूयॉर्क थेट अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर. दुबईमार्गे गेलात तर मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-न्यूयॉर्क ११,०००, म्हणजे १२,९३०. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७४० च्या आसपास. आकडे शेजारी ठेवून बघा. मध्ये उतरल्याने अंतर फक्त २०० ते ४०० किलोमीटरने वाढतं. वेळ वाढतो तो उतरण्याचा, थांबण्याचा आणि पुन्हा चढण्याचा. म्हणून “वाकड्या वाटेने नेतात” म्हणून थांब्याच्या विमानाला नाव ठेवण्यात अर्थ नाही. तिकिटावरचा थांबा किती तासांचा आहे ते बघा.

आता सोलापुरातून बाहेर पडायच्या वाटा. मुंबई गाडीने साधारण ४०० किलोमीटर. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणपर्यंत रस्ता झकास. खरी परीक्षा लोणी काळभोरपासून हडपसरपर्यंत आणि पुढे शुक्रवार-शनिवारी लोणावळ्याच्या घाटात. साडेसात-आठ तास धरा, आणि आणखी दोन तास हाताशी ठेवा. आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी याच रस्त्याने असते. वाहतूक वळवलेली असते. त्या आठवड्यात परदेशी जाणार असाल तर रेल्वेच बरी.

रेल्वेत वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सुटते आणि साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला पोचते; आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढं बघून घ्या. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघून सकाळी पोचवते. विमानतळासाठी सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही, दादरला उतरा. दादरहून मेट्रो ३ थेट विमानतळाच्या टी२ (दुसऱ्या टर्मिनल) पर्यंत जाते, पण दोन मोठ्या बॅगा आणि साठीच्या पुढचे पाय असतील तर टॅक्सीचे पैसे वाचवू नका. बंगळूरकडून येणाऱ्या उद्यानसारख्या गाडीवर विमानाची वेळ टांगून ठेवणं मला पटत नाही. लांबून येणारी गाडी कुठेही रखडू शकते.

मुंबईच्या तिकिटावर आणखी एक गोष्ट आता न चुकता बघायची. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे. त्याची तीन अक्षरं वेगळी आहेत : एनएमआय. बीओएम म्हणजे सहारचा, एनएमआय म्हणजे पनवेल-उलव्याकडचा. टॅक्सीवाल्याला नुसतं “एअरपोर्ट” सांगितलं आणि चुकीच्या विमानतळावर उतरलात, तर मधली वाहतूक ओलांडण्यात विमान हुकू शकतं.

हैदराबादचा विचार सोलापुरात पूर्व भागातली मंडळी आधीपासून करत आली आहेत, नात्यागोत्यामुळे. बाकीच्यांनीही करावा. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद, संगारेड्डी असा सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता. महत्त्वाचं म्हणजे शमशाबादला जाण्यासाठी हैदराबाद शहरात शिरावंच लागत नाही. पटानचेरूच्या अलीकडे बाहेरच्या रिंग रोडला लागलं की थेट विमानतळाकडे. साडेपाच-सहा तासांत पोचता. हैदराबाद-दुबई-न्यूयॉर्क हे हवाई अंतर मुंबई-दुबई-न्यूयॉर्कपेक्षा ६०० किलोमीटरने जास्त भरतं, म्हणजे हवेत पाऊण तास जास्त. पण रस्त्यावरचे दोन तास वाचतात. गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन जायचं असेल तर मी हैदराबाद निवडेन.

आणि आपलं सोलापूर? जून २०२३ मध्ये विमानांना अडसर ठरणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पडली, त्यावरून गावात किती ओढाताण झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. घरापासून वीस मिनिटांत विमानात बसायचं, याचा आनंद मोठा आहे. पण परदेशी प्रवासाला जोडताना दोन गोष्टी तपासा. एक, दोन तिकिटं वेगवेगळी असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. दोन, देशातल्या तिकिटावर साधारण १५ किलो सामान चालतं, अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा असतात. मधल्या फरकाचे पैसे सोलापुरातच मोजावे लागतात. हे दोन्ही मान्य असेल आणि मध्ये किमान सात-आठ तास ठेवता येत असतील, तर जरूर जा.

तिसरी पायरी : हवेतला वेळ

मोठं प्रवासी विमान दहा-बारा किलोमीटर उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. चढताना-उतरताना वेग कमी असतो. म्हणून घरगुती हिशोब असा : अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. १२,५४० भागिले ८५० म्हणजे पावणेपंधरा तास, अधिक अर्धा, म्हणजे सव्वापंधरा.

प्रत्यक्षात जाताना याहून जास्त लागतात, येताना कमी. कारण वारा. त्या उंचीवर मधल्या अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो, ताशी शंभर-दोनशे किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगाने, आणि हिवाळ्यात त्याला अधिकच जोर चढतो. अमेरिकेला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीवर घेतो. त्यामुळे जाताना पावणेसोळा तास आणि येताना चौदा, असा फरक अगदी नेहमीचा.

या वाऱ्याची ताकद बघायची असेल तर एअर इंडियाच्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचं उदाहरण घ्या. ते आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट बाजूने, प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर वाढून १५,३०० झालं, पण वारा पाठीशी आल्याने वेळ उलट दोनेक तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला. अंतर चौदाशे किलोमीटरने जास्त, आणि तरीही लवकर! जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणलं ते थेट उत्तर ध्रुवाच्या वाटेने. त्याला सतरा तासांच्या आसपास लागले होते. वैमानिक आणि त्यांना वाट आखून देणारे लोक दर उड्डाणाला हा हिशोब नव्याने करतात.

दुसरं कारण बंद आकाशाचं. युक्रेनवरून फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानं जात नाहीत. अमेरिका आणि युरोपच्या कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आकाश बंद केलं, तेव्हा दोऱ्याने दाखवलेल्या वाटेचा पहिलाच तुकडा गेला. विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालून जाऊ लागली, काहींना युरोपात इंधनासाठी उतरावं लागलं. म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणी गेलं होतं त्याच्या आठवणीवर जाऊ नका. फ्लाइटरडार२४ वर आपल्या विमानाचा क्रमांक टाका आणि गेल्या आठवड्यात ते खरोखर किती वाजता सुटलं, किती वाजता उतरलं, ते रोजचं बघा. चार-पाच दिवसांच्या नोंदी पाहिल्या की अंदाज पक्का होतो.

चौथी पायरी : घड्याळ आणि तारीख

आता सगळ्यांत जास्त गोंधळ होतो ती जागा. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. दोन वेळांची सरळ वजाबाकी करून प्रवासाचा वेळ निघत नाही.

भारताचं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्कचं हिवाळ्यात पाच तास मागे, उन्हाळ्यात चार तास मागे. म्हणजे आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेनऊ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. म्हणून मार्चचे दोन-तीन आठवडे असे येतात की अमेरिका बदललेली असते आणि लंडन नाही. त्या दिवसांत लंडनमार्गे जाणाऱ्यांनी दोन्ही गावांची वेळ वेगवेगळी तपासावी.

उदाहरण घेऊ. मुंबईहून विमान २० जानेवारीला रात्री १:३० ला सुटतं, हवेत पावणेसोळा तास. भारतीय घड्याळाने ते त्याच दिवशी संध्याकाळी ५:१५ ला पोचतं. त्यातून साडेदहा तास वजा करा : न्यूयॉर्कला सकाळचे ६:४५, तारीख २० जानेवारीच. तिकिटावर १:३० ते ६:४५ पाहून सव्वापाच तासांचाच प्रवास वाटतो.

आणि “२० जानेवारी, रात्री १:३०” याचा अर्थ १९ तारखेची रात्र. हे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवा. आपल्या बोलण्यात रात्र आदल्या दिवसाची असते, तिकिटात ती पुढच्या तारखेची. २० ला दिवसभर बॅगा भरून रात्री विमानतळावर गेलेल्या माणसाचं विमान चोवीस तासांपूर्वी गेलेलं असतं. मुलाने फोनवर “बाबा, वीसचं विमान आहे” सांगितलं, की लगेच विचारा : “म्हणजे एकोणीसच्या दुपारी घरातून निघायचं ना?” एवढा एक प्रश्न पुरतो.

पाचवी पायरी : उलटं मोजत या

विमानाच्या वेळेपासून मागे चला. सुटणार १:३०. परदेशी प्रवासाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे १९ च्या रात्री १०:३०. पहिल्यांदा जाणारे असतील, चाकाची खुर्ची मागवली असेल तर १० धरा. सोलापूर-मुंबई आठ तास, वर दोन तास राखीव. म्हणजे दुपारी बाराला घर सोडायचं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या आणि अक्षता सोहळ्याच्या दिवशी निघायचं असेल तर शहरातून बाहेर पडायलाच तासभर जादा ठेवा.

पुढचा हिशोब भारतीय घड्याळानेच करा, डोकं शांत राहतं. २० ला संध्याकाळी ५:१५ ला विमान टेकलं. पासपोर्टची रांग, बॅगा, कस्टम यात दीड-दोन तास. तिथून न्यू जर्सी तासभर. रात्रीचे सव्वाआठ. आदल्या दुपारी बारापासून मोजले तर बत्तीस तास. त्यात हवेतले निम्मेच.

दुबईमार्गे जाताना मुंबई-दुबई सव्वातीन तास, थांबा चार तास, पुढे चौदा-सव्वाचौदा. म्हणजे थेट विमानापेक्षा साडेपाच-सहा तास जास्त. थांबा दोन तासांपेक्षा कमी असलेलं तिकीट वडीलधाऱ्यांसाठी काढू नका. स्वस्त दिसलं तरी नाही. अबुधाबीमार्गे जाताना अमेरिकेची पासपोर्ट तपासणी तिथेच होते, त्यामुळे तिथे थांबा आणखी मोठा हवा. आणि अमेरिकेत आणखी एक विमान बदलायचं असेल, समजा शिकागोहून पुढे, तर अबुधाबीसारखी तपासणी आधीच झालेली नसल्यास पहिल्या अमेरिकन विमानतळावर बॅगा स्वतः उचलून कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. अडीच-तीन तास लागतात, सहज.

सामानाबद्दल एकच, कारण ते वेळेशी जोडलेलं आहे. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असेल तर तपासणीत अडवतात. शेंगाचटणी म्हणजे पूडच. तिचा डबा मोठ्या बॅगेत टाका. कडक भाकरी मात्र खुशाल हातात न्या, वाटेत उपयोगी पडते.

साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी हाच बत्तीस तासांचा कागद डॉक्टरांना दाखवावा. “सकाळची गोळी” म्हणजे कुठली सकाळ, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्यावं, विशेषतः इन्सुलिन असेल तर. औषधं आणि चिठ्ठी हातातल्या बॅगेत.

सहावी पायरी : परतीचा हिशोब

येताना घड्याळ उलट फिरतं. न्यूयॉर्कहून ५ फेब्रुवारीला सकाळी ११:३० ला निघालात, चौदा तास उडालात. तिथल्या घड्याळाने ६ तारखेची पहाट, १:३०. त्यात साडेदहा मिळवा : मुंबईत ६ तारखेची दुपार, बारा वाजलेले. म्हणून सोलापूरच्या गाडीचं आरक्षण ५ चं नाही, ६ चं.

बाराला उतरून बॅगा हातात येईपर्यंत दीड वाजतो. वंदे भारत मुंबईहून दुपारी चारनंतर निघते आणि पावणेअकराच्या आत सोलापुरात आणते. दादरला ती मिळू शकते. पण ती ज्या दिवशी नसते तो वार आधी पाहा, आणि विमान दोन तास उशिरा आलं तर ती हुकणार हे धरूनच चाला. म्हणून त्याच रात्रीच्या सिद्धेश्वरचं तिकीटही काढून ठेवावं असं माझं मत आहे. वंदे भारत मिळाली तर मुलाला फोन करून सिद्धेश्वरचं तिकीट रद्द करायला सांगा. गाडी सुटायच्या बऱ्याच आधी केलं तर काही पैसे परतही येतात. फोन करताना मात्र घड्याळ बघा : मुंबईत दुपारचे साडेतीन म्हणजे तिकडे पहाटेचे पाच.